नकलेचा अर्ज

विटा, १२ जानेवारी २०२५

चि. नीलांबरीस शशीदादाचे आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. घरी म्हणजे आता मी आणि नैना, दोघंच. कानातलं मशीन नावापुरतं उरलंय. फोनवर बोलायचं तर तुझ्याआधी अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. मोबाइल नैनाच बघते, आणि हा विषय तिला कळता कामा नये. म्हणून कागद, पेन आणि स्पीड पोस्ट. आम्हा जुन्या लोकांना तेच बरं.

नैनाला एक स्थळ आलंय. मुलाचं नाव प्रसन्न, तुमच्या जर्मनीतच झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे. मूळचे इस्लामपूरकडचे. नैनाचं दुसरेपण त्यांना चालतंय. दोघं दोन महिने एकमेकांशी बोलताहेत आणि आपली पोरगी, नीलू, परवा भाकरी थापताना गुणगुणत होती. मला ऐकू आलं नाही, पण ओठ हलताना दिसले. अक्षय तृतीयेला साखरपुडा करायचं चाललंय.

आता मुद्दा. माझ्या मित्राचा मुलगा शिरीष याच प्रसन्नबरोबर तिकडे नोकरीला होता. परवा एका लग्नात जेवताना तो सहज बोलून गेला की प्रसन्नवर तिकडे फौजदारी केस झाली होती. लाउटरनबाख नावाच्या खेडेवजा गावातल्या कोर्टात. कसली, ते त्याला माहीत नाही. शिक्षा झाली की सुटला, तेही माहीत नाही. मी तसाच ताटावरून उठलो.

तू जाणतेस, माझी उभी हयात तालुक्याच्या कोर्टात नक्कल विभागात गेली. केसचा नंबर नसला तरी चालेल, नाव आणि साल पुरतं. तिथल्या रेकॉर्डकीपरला भेटायचं, नकलेचा अर्ज टाकायचा, फी भरायची आणि निकालपत्राची सही-शिक्क्याची प्रत घ्यायची. कोर्ट कुठलंही असो, कोर्ट ते कोर्टच. तू एवढं माझं काम कर. मुलाला किंवा त्याच्या माणसांना सुगावा लागू देऊ नकोस. चौकशी ही चौकशीसारखीच व्हायला हवी.

उत्तराची वाट बघतो.

तुझा
शशीदादा

~

लुडविग्सहाफेन, ३ फेब्रुवारी २०२५

प्रिय शशीदादा, नमस्कार.

तुझं अक्षर अजून कोर्टातल्यासारखंच आहे, सगळी अक्षरं एका उंचीची. वाचून बरं वाटलं. मजकूर वाचून मात्र बरं वाटलं नाही.

दादा, इथे तसं नसतं. आपल्याकडे कोर्टाच्या वेबसाइटवर नाव टाकलं की शेजाऱ्याच्या बांधाचं भांडणसुद्धा निघतं. इथे कुणाच्या नावाची केस होती की नव्हती, एवढंही परक्या माणसाला सांगत नाहीत. तरी तुझ्या शब्दाखातर मी त्या कोर्टाला रीतसर पत्र लिहिलं. आठ दिवसांत उत्तर आलं, अतिशय सभ्य. सार एवढंच, की आपल्या विनंतीबद्दल आभार, आपला या बाबीशी संबंध काय ते कळवावे, वकिलामार्फत कळवल्यास उत्तम. काय कळवू? मुलीची आत्या आहे, आणि आमच्याकडे सोयरीक जुळवण्याआधी अशी पद्धत असते?

तू मुलालाच का विचारत नाहीस? सदतीस वर्षांचा माणूस आहे, कुकुल्लं बाळ नाही. सरळ विचारलं तर सरळ सांगेल, नाही सांगितलं तर तेही उत्तरच आहे.

मी बरी आहे. निवृत्त झाल्यापासून गुडघे जास्त बोलतात. युर्गन गेल्यापासून घर मोठं वाटतं, पण बदलायचा कंटाळा येतो. कबीर ब्राउनश्वाइगहून महिन्यातून एकदा आईला भेटायला येतो, मी मराठीत बोलते, तो जर्मनमध्ये उत्तरं देतो, दोघांचं बरं चाललंय. नैनाला माझा पापा.

नीलू

~

विटा, १४ फेब्रुवारी २०२५

चि. नीलूस आशीर्वाद.

पत्र लिहून कुणाचं काम झालंय का कधी? तीस-पस्तीस वर्षं मी टपालाने आलेले अर्ज बघितले, ते कुठे जातात ते मला विचार. माणूस समोर उभा राहिला की टेबलापलीकडचा माणूस हलतो. तू स्वतः जा. सकाळी पहिल्या तासात जा, तेव्हा डोकी थंड असतात. सोबत भडंगाचं पुडकं पाठवतोय, ताजं आहे. लाच म्हणून नव्हे गं. रेकॉर्डरूममध्ये बसणाऱ्या माणसाला कुणी कधी काही देत नाही, म्हणून.

मुलाला विचार, म्हणतेस. नीलू, पहिल्या वेळी मी विचारलंच होतं. त्या पुण्याच्या गृहस्थाला समोर बसवून विचारलं होतं, काही लपवण्यासारखं आहे का? तो माझ्या पाया पडून ‘नाही’ म्हणाला. त्याचं दुसरं बिऱ्हाड त्याच्या सोसायटीला माहीत होतं, त्याच्या आईला माहीत होतं, वॉचमनला माहीत होतं. नैना परत आली तेव्हा ती नवऱ्याबद्दल फार बोललीच नाही. एकच म्हणत राहिली, ‘बाबा, सगळ्यांना माहीत होतं. मी त्यांना चहा करून देत होते आणि त्यांना माहीत होतं.’ वर्षभर मागच्या खोलीच्या बाहेर आली नाही. आता कुठे दवाखान्यात जाते, म्हाताऱ्यांचे खांदे-गुडघे हलवून देते, माणसांत बसते. ती पुन्हा त्या खोलीत गेली तर तिला बाहेर काढायचं बळ माझ्यात नाही. माझ्यानंतर तर कुणीच नाही.

म्हणून मला तोंडचं उत्तर नको, कागद हवा. कागद खोटं बोलत नाही. तू दमली असशील, कळतं मला. पण जा.

शशीदादा

~

लुडविग्सहाफेन, ७ मार्च २०२५

प्रिय दादा,

गेले एकदाची. तीन गाड्या बदलून आणि शेवटी एका बसने, जिच्यात ड्रायव्हर आणि मी असे दोघंच होतो. लाउटरनबाखला एक चर्च, एक बेकरी, अग्निशामक दलाची शेड आणि त्याला लागून कोर्ट. कोर्ट म्हणजे आपल्याकडच्या दुमजली पतपेढीएवढं. आत शुकशुकाट. ना पक्षकार, ना काळे कोट, ना चहावाला. तुला तिथे करमलं नसतं.

कचेरीत एक बाई होत्या, फ्राउ केल्लर. माझ्याच वयाच्या, लोकरीचा स्वेटर, खिडकीत जिरेनियम. मी तुझं भडंग पुढे केलं. माझीच अक्कल. बाईंनी दोन्ही हात टेबलावरून असे उचलले, जणू कुणी बंदूक रोखलीय. ‘नको, नको, हे मला घेता येत नाही!’ मी म्हटलं, नुसते मुरमुरे आहेत. त्या म्हणाल्या, ‘हो, अगदी बरोबर, पण तरीही.’ पुडकं मी पर्समध्ये ठेवलं आणि परतीच्या बसची वाट बघताना स्टॉपवर बसून निम्मं खाल्लं. तिखट होतं, छान होतं.

काम झालं नाही. अशी केस होती की नाही, हेही त्यांनी सांगितलं नाही. फायली कोणाला बघता येतात तेवढं समजावलं. ‘एक तर आरोपी स्वतः, किंवा त्याचा वकील. किंवा ज्याचं नुकसान झालं ती व्यक्ती, ती हयात नसेल तर तिच्या घरची. तुम्ही यांपैकी कोण?’ मी म्हटलं, या केसमध्ये कुणीच नाही. मग मला जरा बसावं लागलं. बाईंनी पाणी आणून दिलं, खिडकी उघडली. प्रवासाचा शीण, दुसरं काही नाही.

तेव्हा दादा, कुलूप कोर्टाला नाही, किल्ली त्या मुलाकडेच आहे. मी घरी येऊन त्याला फोन केला. त्याचा नंबर नैनाने मला दिवाळीनंतरच पाठवला होता. मी नैनाची आत्या, भेटायला ये, एवढंच म्हटलं. तो पुढच्या रविवारी येतोय. तू रागावशील हे माहीत आहे. रागाव.

नीलू

~

विटा, १८ मार्च २०२५

नीलांबरी,

आशीर्वाद लिहायलाही हात उचलत नाही. मी काय सांगितलं होतं आणि तू काय केलंस! मुलाकडच्यांना चौकशीचा वास लागला की एक तर ते स्थळ मोडतात, नाहीतर कागदपत्रं जुळवून ठेवतात. शेंबडं पोरही हे जाणतं. तिकडे राहून तू अगदी त्यांच्यासारखी झालीस. उठायचं आणि विचारायचं!

इकडे नैनाने काल मोरपंखी साडी आणली. मला रंग कसा वाटतो म्हणून वहीत लिहून विचारलं. मी ‘छान’ लिहिलं.

आता जे झालं ते झालं. तो काय बोलला ते शब्दन् शब्द कळव. चेहरा कसा होता तेही कळव.

शशीदादा

~

लुडविग्सहाफेन, २८ मार्च २०२५

प्रिय दादा,

प्रसन्न येऊन गेला त्याला बारा-तेरा दिवस झाले. लगेच लिहावंसं वाटलं नाही. आता सगळं सांगते.

उंच, जरा वाकून चालणारा मुलगा. दारात बूट काढून कोपऱ्यात नीट लावले. पोहे दोनदा घेतले. मग मी विचारलं, बाबा रे, लाउटरनबाखच्या कोर्टात काय झालं होतं? त्याने बशी खाली ठेवली. आडवळणं घेतली नाहीत.

‘काकू, माझ्या गाडीखाली एक माणूस गेला.’

साडेचार वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. तो तेव्हा तिकडे एका सुट्या भागांच्या सप्लायरकडे सकाळच्या शिफ्टला जायचा. दाट धुकं होतं. एक म्हातारा शेतकरी, हेर श्टाइनले, सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होता. प्रसन्न म्हणाला, ‘मी घाईत नव्हतो काकू, तेच सगळ्यात वाईट आहे. आल्झो, म्हणजे रोजचा रस्ता होता म्हणून रोजच्याच स्पीडने चाललो होतो. धुक्यात तो स्पीड जास्त होता. कोर्टाने तेच म्हटलं, आणि बरोबर म्हटलं.’ दारू नव्हती, फोन हातात नव्हता. तो थांबला, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, येईपर्यंत रस्त्यात बसून राहिला. म्हातारा तिथेच गेला. प्रसन्नला दंड झाला, काही महिने लायसन्स गेलं. म्हाताऱ्यामागे बायको आहे, फ्राउ श्टाइनले. तिला तो कधी भेटला नाही. केस चालू असताना वकील म्हणाला संपर्क करू नकोस, आणि केस संपल्यावर, त्याच्याच शब्दांत, ‘पाय उचलला नाही’.

मग त्याने बॅगेतून एक कागद काढला. इथे सरकारकडून चारित्र्याचा दाखला मिळतो, नवीन नोकरीसाठी त्याने काढला होता. त्यावर छापलंय, ‘कोणतीही नोंद नाही.’ पहिलाच गुन्हा असेल आणि दंड एका मर्यादेच्या आत असेल, तर या दाखल्यावर तो येतच नाही. कायदाच तसा आहे. दादा, सही-शिक्का सगळं आहे त्यावर. तुला हवा तसा कागद.

तो म्हणाला, ‘काकू, हा मी महिन्याभरापूर्वीच नैनाच्या बाबांना पाठवू शकलो असतो. स्कॅन करून मेलही तयार ठेवली होती. पाठवली नाही. कारण हे खरं आहे आणि खोटंही आहे.’ नैनाला त्याने अजून सांगितलेलं नाही. दर वेळी बोलायचं ठरवतो, आणि ती दवाखान्यातली गंमत सांगायला लागली की राहून जातं. साखरपुड्याआधी समोर बसून सांगेन, फोनवर नको, म्हणाला. मी त्याला म्हटलं, समोर बसून सांग पण साडी-नारळाच्या आधी सांग. दाखला तो माझ्याकडे ठेवून गेला.

चेहरा कसा होता, विचारलंस. थकलेला होता. माझा कसा होता ते मी बघितलं नाही.

नीलू

~

विटा, ७ एप्रिल २०२५

चि. नीलूस अनेक उत्तम आशीर्वाद!

अगं, एवढंच ना? जीव भांड्यात पडला बघ माझा! पत्र वाचून देवापुढे साखर ठेवली. कलम तीनशे चार-अ! नव्या कायद्यात आकडा बदलला म्हणे, माझ्या डोक्यात जुनाच बसलाय. या कलमाच्या फायली आमच्या रेकॉर्डरूममध्ये पोत्यांनी होत्या. ट्रॅक्टरवाले, जीपवाले, एसटीचे ड्रायव्हर, सगळी आपल्यासारखीच प्रापंचिक माणसं. मी काय काय मनात आणलं होतं! बाईची भानगड, मारहाण, अफरातफर. यातलं काहीच नाही. अपघात म्हणजे अपघात, त्याला कोण काय करणार? धुकं होतं, म्हातारं माणूस आडवं आलं. पिकलं पान, आज ना उद्या गळायचंच होतं. मुलगा थांबला, पळाला नाही, यातच त्याचं कुळ दिसलं.

तो दाखला मला तेवढा स्पीड पोस्टाने पाठवून दे. देवघरातल्या फडताळात ठेवतो. उद्या कुणी वाकडं बोललं तर तोंडावर मारता येईल.

आणि हो, नैनाला काही सांगायची गरज नाही. मी शिरीषकडे जाऊन त्याच्या मोबाइलवरून प्रसन्नला मराठीत व्यवस्थित मेसेज घातलाय, की झालं गेलं विसरा, आम्हाला सर्व माहीत आहे, आमची हरकत नाही, नैनाजवळ हा विषय काढू नये. शिरीषच्या वडिलांचंही हेच मत पडलं. ‘ठीक आहे काका’ असं त्याचं उत्तर आलं, थोडं उशिरा आलं, पण आलं. शुभकार्याच्या तोंडावर मढ्याच्या गोष्टी कशाला? पोरीला किती वर्षांनी हसताना बघतोय.

तुझे उपकार कसे फेडू? जरा जास्तच बोललो मागच्या पत्रात, मनावर घेऊ नकोस. मुलगा २६ तारखेला विमानात बसतोय. तूही यायचं बघ.

तुझा
शशीदादा

~

लुडविग्सहाफेन, १६ एप्रिल २०२५

दादा,

हे पत्र मी कुरियरने पाठवतेय, म्हणजे २६ तारखेच्या आत मिळेल.

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि खाली बसून परत वाचलं. ‘पिकलं पान, आज ना उद्या गळायचंच होतं.’ दादा, युर्गन बासष्ट वर्षांचा होता. कामावरून सायकलने घरी येत होता. पार्सलच्या व्हॅनने त्याला उडवलं. तू तेव्हा मला फार चांगलं पत्र लिहिलं होतंस, मी ते जपून ठेवलंय. तू विसरलास असं मी म्हणत नाही. तुला आठवतं, पण दोन्ही गोष्टी एका फळीवर ठेवायचं तुझ्या मनात आलं नाही. तुझ्यासाठी एक दुःख आहे आणि दुसरी फाइल.

मी सांगितलं नव्हतं, आता सांगते. कोर्टातल्या बाईंनी म्हटलं ना, ज्याचं नुकसान झालं ती व्यक्ती किंवा तिच्या घरची, तेव्हा मला प्रवासाचा शीण झाला नव्हता. माझ्या नवऱ्याचीही अशीच एक फाइल आहे, दुसऱ्या एका कोर्टात. ती बघायचा मला हक्क आहे. वकिलाने तेव्हाच कागद पाठवला होता, नुसती सही करायची होती. मी केली नाही. आत काय असणार मला माहीत होतं. किती फूट घसरला, कुठे काय मोडलं. मला जे हवं होतं ते त्यात नसणार. त्या व्हॅनवाल्यालाही दंड झाला. त्याच्या दाखल्यावरही ‘कोणतीही नोंद नाही’ असं छापलेलं असेल, आणि त्याच्या मुलीचं लग्न ठरवताना कुणीतरी म्हणालं असेल, एवढंच ना.

प्रसन्नने मला निघताना विचारलं, ‘काकू, तुमच्या मिस्टरांना ज्याने धडक दिली, तो तुमच्याकडे आला असता तर तुम्ही दार उघडलं असतं?’ भिंतीवर युर्गनचा फोटो आहे, हार बघून त्याने आधीच विचारून घेतलं होतं. मी म्हटलं, माहीत नाही रे. कदाचित तोंडावर लावून घेतलं असतं. पण मी वाट बघितली. पहिलं वर्षभर बेल वाजली की मला वाटायचं तोच आहे. नुसता येऊन उभा राहिला असता, एक शब्द न बोलता, तरी मला कळलं असतं की युर्गन गेला हे माझ्याखेरीज आणखी एका माणसाला माहीत आहे. तो आला नाही. बूट घालायला प्रसन्नला फार वेळ लागला.

मुलगा वाईट नाही. तू विचारशील म्हणून सांगते, मला तो आवडला. त्याला माफ करायचा अधिकार मला नाही, तुला तर त्याहून नाही. आणि तू काय केलंस? त्या पोराने कसाबसा सांगायचा धीर गोळा केला होता, तोही तू शिरीषच्या मोबाइलवरून काढून घेतलास. तुझा मेसेज त्याने मला पाठवला. खाली त्याने एवढंच लिहिलं होतं, ‘आता मी काय करू?’ मी काहीच उत्तर दिलं नाही. थकले मी, दादा. कोर्टाची उत्तरं, तुझी उत्तरं, त्याची उत्तरं, सगळी मीच का द्यायची?

दाखला मी प्रसन्नला परत पाठवला. तुझ्या देवघरात तो येणार नाही.

नैनाचा नंबर माझ्याकडे आहे. मी तिला आत्ता फोन करू शकते. करत नाही, कारण ते तुझं काम आहे. मुलगा विमानात बसायच्या आत तिला सांग. लग्न करायचं की नाही हे तिला ठरवू दे, पण डोळे उघडे ठेवून ठरवू दे.

नीलू

~

विटा, ४ मे २०२५

चि. नीलूस,

अक्षय तृतीया होऊन गेली. साखरपुडा झाला नाही.

तुझं पत्र २३ तारखेला, बुधवारी मिळालं. युर्गनरावांबद्दल मी काय लिहू? जे लिहिलं ते माझ्याच हातचं आहे, खोडता येत नाही. चूक झाली, नीलू. तुझी फाइल तू मागव किंवा मागवू नकोस. अर्ज कसा करायचा ते मी तुला सांगणार नाही. आजवर कधी नव्हे ते माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

त्याच संध्याकाळी नैना दवाखान्यातून आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. मला माझा आवाज कळत नाही, मी हळूच सांगतोय असं मला वाटत होतं. मध्येच तिने उठून खिडक्या लावल्या, तेव्हा समजलं. धुकं सांगितलं, म्हातारा सांगितला, दंड सांगितला, दाखल्याचं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मला वाटलं, समजून घेतेय. अपघाताबद्दल तिने एक प्रश्न विचारला नाही. माझ्यासाठी वही असते, ती तिने पुढे ओढली आणि लिहिलं, ‘तुम्हाला कधीपासून माहीत होतं?’

मी म्हटलं, केस झाली हे जानेवारीपासून, कसली ते याच महिन्यात. तिने लिहिलं, ‘आणखी कोणाला?’

मी सांगू लागलो. शिरीष. शिरीषचे वडील. नीलूआत्या. त्या कोर्टातल्या बाईंनाही तू नाव सांगितलं होतंस. तिने पेनाला टोपण लावलं आणि पेन वहीवर ठेवलं. नीलू, त्या पुण्याच्या माणसाच्या घरात ती ज्यांना चहा करून देत होती, त्या माणसांत आता मी जाऊन बसलो होतो. चार महिने दोन वेळचा चहा मी तिच्या हातचा घेतला. हे तिने लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती.

तिने प्रसन्नला स्वतः कळवलं की येऊ नकोस. त्याने तिकीट रद्द केलं. गेल्या शनिवारी तो फ्राउ श्टाइनलेच्या गावी जाऊन आला, एवढं मला तिच्याकडून कळलं. दार उघडलं की नाही, म्हातारी काय बोलली, ते तिने सांगितलं नाही.

नैना मागच्या खोलीत गेली नाही, ती काळजी मात्र तुला नको. दवाखान्यात जाते, जेवते, माझं मशीन पुसून देते. रात्री जेवणं झाली की प्रसन्नचा फोन येतो आणि ती पुढची खोली लावून घेऊन तासन् तास बोलते. कधी दाराच्या फटीतून ती रडताना दिसते, काल हसताना दिसली. मला ऐकू येत नाही. शेजारच्या वहिनींना ऐकू येत असेल, पण त्यांना मी विचारलेलं नाही. शिरीषलाही विचारलेलं नाही, आणि तुलाही विचारणार नाही, तुला माहीत असलं तरी कळवू नकोस.

काय ठरलं ते तिला सांगावंसं वाटेल तेव्हा ती मला सांगेल. नाही सांगितलं, तर मला कळणार नाही.

शशीदादा